टूल बदलेगा

नोएडातल्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या मॅडम कुणाच्याच शब्दावर विसंबत नाहीत. भाजीवाला असो की आमचे सर, टेबलाखाली चपला काढायच्या, तोंडात बडीशेप टाकायची आणि म्हणायचं, "बोलो मत, दिखाओ."

पानिपतच्या व्यापाऱ्यांच्या वेबसाइटवरून ब्लँकेटचे भाव उतरवून घेणं हे माझं काम. नववीतच शाळा सुटलेली, तरी घरापासून इतक्या लांब ही नोकरी मिळाली. मग सरांनी ठरवलं, भाव आपोआप गोळा करणारं टूल घ्यायचं, कोड न लिहिता चालणारं.

टूल विकायला आलेला सेल्सवाला ते भराभर चालवून दाखवत होता. मॅडमनी त्याच्याकडचा माउस काढून माझ्या हातात दिला. "चलाएगी ये, तो चुनेगी भी ये."

पहिल्या पानावरचे भाव आले. दुसऱ्या पानावर जायला मात्र टूल कोडची एक ओळ मागायला लागलं. मला ती येईना.

सर म्हणाले, "इसकी जगह कोई पढ़ा-लिखा बिठा देते हैं."

"बिना कोड का बोला था ना, सर? टूल बदलेगा, ये नहीं," मॅडम म्हणाल्या.

सेल्सवाला माझ्याकडे वळला. "दीदी, सीख जाओगी. बस हाँ बोल दो."

आजवर मी सगळ्यांना हो म्हणत आलेय. मॅडमकडे पाहिलं, तर त्या टेबलाखाली पायाने चपला शोधत होत्या, जणू त्यांचं काम संपलं.

"नहीं भैया," मी म्हटलं, "दूसरा दिखाओ."