भर पावसात कोरडा घुमट

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली आहे. या सदरातले अनुभवही हसत हसतच वाचतो, राग मानू नका. आज मला कोणी हसलं तर ती माझ्याच कर्माची फळं!

आम्ही बोरिवलीच्या गावठाणातले ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती. गेल्या ऑगस्टमध्ये मी, बायको शर्लीन आणि मम्मी वसईच्या किल्ल्यात गेलो होतो. मम्मीचं खुब्याचं ऑपरेशन होऊन बरेच महिने झाले होते. "वॉकर सोडा आता," असं डॉक्टर सांगून थकले, पण तिने पडण्याची धास्तीच घेतली होती. त्यात नोव्हेंबरमध्ये आमच्या मुलीचं लग्न. आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचं पाणी आणतात. त्या वरातीत पुढे नाचायचा मान वर्षानुवर्षं मम्मीचा. "या वेळेला मी नाय. खुर्चीत बसून बघेन," म्हणायची. मला ते ऐकवत नसे.

किल्ल्यात पावसाने झोडपलं. छप्पर उडालेल्या एका चर्चच्या कमानीखाली मम्मीला घडीच्या खुर्चीत बसवलं, डब्यातले फुगे, म्हणजे आमचे तळलेले गोल पाव, काढले... आणि आत, पडक्या भिंतींमागे, घुमट वाजायला लागला.

घुमट म्हणजे मडक्याच्या तोंडावर चामडं ताणून केलेलं आमचं लग्नातलं वाद्य. मी स्वतः वाजवतो, म्हणून सांगतो — पावसात ते चामडं सैल पडतं, निखाऱ्यांवर शेकल्याशिवाय बोलत नाही. हा मात्र खणखणीत बोलत होता!

"कोणीतरी मोबाइलवर लावलं असेल रे," शर्लीन म्हणाली. पण तिचाही चेहरा उतरला होता.

मम्मीच्या कपाळावर आठ्या. "किती धावतोय मेला! बायका नाचतील कशा?"

आणि ती उठली. वॉकर जागच्या जागी, आणि ही तरातरा पावसात, शेवाळलेल्या दगडांवरून! मी ओरडणार, तोच शर्लीनने माझा हात धरला. "गप. हाक मारू नको."

"हळू रं! हळू!" मम्मीने टाळ्यांनी ठेका धरला.

घुमट हळू झाला. बरोबर तिच्या टाळीवर! नखशिखांत भिजलेल्या माझ्या आईने तिथे चक्क गिरकी घेतली. मी रडलो, लाज कसली?

मग आवाज थांबला. मी सगळीकडे शोधलं. पडक्या भिंती, गुडघाभर गवत, चिखल. माणूस सोडा, चिखलात पाऊलसुद्धा नव्हतं.

वॉकर किल्ल्यातच राहिला, हे दहिसर चेकनाक्याला आल्यावर लक्षात आलं. मी गाडी वळवायला लागलो तर मम्मी म्हणाली, "ऱ्हाऊ दे."

तिथे कोण वाजवत होतं, मला आजही सांगता येत नाही. डोकं खाजवून झालं, आता तो नाद सोडलाय.

नोव्हेंबरमध्ये उंबराचं पाणी निघालं तेव्हा मम्मी सगळ्यांच्या पुढे नाचत होती. मागे माझ्या गळ्यात घुमट. अर्ध्या वाटेत ती गर्रकन वळली आणि भर गावासमोर ओरडली, "किल्ल्यातला तुझ्याहून बरा रे! सांगितलं की ऐकत तरी होता!"