सुभेदार आणि पिवळी गाडी

"ब्रेक बगितलं का?"

आमच्या गल्लीत कुणी गाडी बाहेर काढली की सुभेदार पुढे येऊन आधी हे विचारायचे. ‘कुठं निघालात’ वगैरे नंतर. मग पुढच्या चाकाशी उकिडवे बसायचे, सदऱ्याच्या खिशातली छोटी बॅटरी काढायचे आणि चाकाच्या फटीतून आत उजेड मारून बघायचे. उठताना गुडघे कडकड वाजायचे. "जावा आता," म्हणायचे, आणि मगच गाडी हलायची.

असं एखादं माणूस तुमच्याही गल्लीत असेल. त्याला आपण हसतो, आणि एक दिवस दिसलं नाही तर चुकल्यासारखं होतं.

समोरच्यांच्या मुलाच्या लग्नातली गोष्ट. वरातीची गाडी फुलांनी मढवलेली, बँडवाले रंगात आलेले, आणि सुभेदार फेटा बांधून चाकाशी बसलेले. नवरदेव आतून वैतागला. "आवं सुभेदार, मुहूर्त टळतोय!"

"मुहूर्त दुसरा काढता येतो बाळा," सुभेदार खालूनच म्हणाले. सगळे हसले. ते हसले नाहीत.

लष्करात ते ड्रायव्हर होते. डोंगरातल्या बर्फाच्या रस्त्यांवर उभी हयात ट्रक चालवून साताऱ्याला परत आले. त्यांच्या घरात एक धाकटा भाऊ होता, अविवाहित, उजवा पाय घोट्यापासून नसलेला. आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक पिवळी, दोनच माणसं बसतील अशी, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार. आमच्या गल्लीत ती गाडी म्हणजे म्हशींच्या गोठ्यात हरीण.

तिची कथा मला सुभेदारांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी सांगितली, दवाखान्याच्या रांगेत बसल्या बसल्या. धाकट्याचं महाबळेश्वरला छोटं हॉटेल होतं. हौसेनं त्यानं ही गाडी जुनी घेतली. एकदा साताऱ्याला आला तेव्हा म्हणाला, "दादा, ब्रेक मारला की किरकिर करतीय, जरा बघ." सुभेदार कोरेगावला जेवणाला निघालेले, अंगात परीटघडीचे कपडे. त्यांनी वाकल्यासारखं केलं आणि म्हणाले, "चालंल अजून. पुढच्या खेपेला बदलू." पुढच्या खेपेला गाडी केळघर घाट उतरत होती. झिजून झिजून ब्रेकचे पॅड संपले होते, लोखंडावर लोखंड घासत होतं. धाकट्यानं गाडी दरीकडे जाऊ दिली नाही, डोंगरावर घातली. जीव वाचला, पाय गेला.

"तवापासनं हे असं हाय," वहिनी म्हणाल्या. "झोपंतबी पाय दाबत्यात. ब्रेकवर असल्यागत."

गाडी भंगारात द्यायला धाकटे तयार नव्हते. मग सुभेदारांनीच ती जमेल तशी उभी केली. थंडीत एखाद्या रविवारी भावाला शेजारी बसवून मेढ्यापर्यंत फिरवून आणायचे. तेही असे, की मागून बैलगाडीनं हॉर्न द्यावा. सारखा ब्रेकवर पाय. त्यामुळे पॅड भराभर झिजायचे, आणि झिजले की सुभेदार अंगणात गाडी घेऊन ते स्वतः बदलायचे.

"गॅरेजवाल्यावर विश्वास नाही वाटतं?" मी एकदा विचारलं.

"त्याच्यावर हाय की. माज्यावर न्हाई, म्हणून डोळ्यानं बगाय लागतं."

गेल्या थंडीत असंच एकदा त्यांनी मला हाक मारली. "ताई, जरा गाडीत बसा. ब्रेक दाबाय माणूस पायजे." एरवी बसणारा भाचा आला नव्हता. मी साडी सावरत त्या खड्ड्यासारख्या सीटमध्ये उतरले. बाहेर कसं निघायचं याचा विचार नंतर केला. मागच्या चाकांना दगड लावलेले, पुढची बाजू जॅकनं उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवलेली. धाकटे बाजूला खुर्चीत. सुभेदारांनी जुना पॅड काढून त्यांच्या हातात दिला. नवा बोटभर जाड, जुना नखाएवढा उरलेला. मग ब्रेकचा दट्ट्या हळूहळू मागे सारला, बॉनेटखालच्या डबीतलं ब्रेकचं तेल वर येतंय का बघत, फडकं धरून. नवे पॅड बसवले, बोल्ट आवळले, पुन्हा आवळले.

"दाबा आता, ताई."

मी दाबलं, आणि पेडल सरळ तळाला गेलं. खाली काहीच नाही. मी ओरडलेच.

"तसंच असतंय. पैल्यांदा जातंय खाली. दाबत ऱ्हावा." ते म्हणाले खरे, पण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. दरवेळी हे काम करणारा माणूस, काय होणार हे त्यांना पुरतं ठाऊक, तरी नजर माझ्या पायावरून हलत नव्हती. मी दाबत राहिले. हळूहळू पेडल घट्ट झालं.

धाकटे भावाकडे बघत होते. एकदम म्हणाले, "दादा, बास कर आता. तुझी चूक नव्हती. तिकडं वर महाबळेश्वरला गाडीच्या मिस्त्रीनं मला सांगितलं होतं, पॅड संपलेत, घाट उतरू नका. मीच म्हटलं, साताऱ्यात जाऊन बघू. मला माहीत होतं, दादा."

सुभेदारांनी पाना पुसला.

"लय ग्वाड खोटं बोलतोस गड्या," ते हसून म्हणाले. "माजं मन राखाय."

"खोटं न्हाई रं दादा. आईशप्पत."

"बरं बरं," म्हणत सुभेदार दुसऱ्या चाकाकडे गेले.

पावसाळा संपता संपता सुभेदार गेले. साधा ताप म्हणता म्हणता छातीत उतरला. तेराव्यानंतर मी भेटायला गेले तेव्हा धाकटे ओसरीवर एकटेच होते. कुबडी भिंतीला टेकलेली.

"ताई, त्या दिवशी तुम्ही होता. तुम्हाला तरी खरं वाटलं का?"

खोटं बोलवेना. "नाही," मी म्हणाले. "मलाही वाटलं, त्यांच्या समाधानासाठी म्हणताय."

त्यांनी मान हलवली. "दवाखान्यात शुद्धीवर आलो तेव्हा दादा पायाशी बसून रडत होता. माझा पाय गेला होता, ताई. कुणावर तरी राग काढायचा होता, आणि दादा आयता समोर होता. ‘तूच म्हणालास ना, चालंल म्हणून?’ एवढंच बोललो. एकदाच. तेवढंच त्यानं जन्मभर धरलं. नंतर रोज वाटायचं, सांगावं. तो माझ्यासाठी पाणी तापवायचा, कृत्रिम पायाचे पट्टे आवळून द्यायचा, आणि मी गप्प. शेवटी सांगितलं, तर पटेना त्याला."

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. डोळे सुजलेले, पण चेहरा शांत. धाकट्यांच्या हातात कप देत त्या म्हणाल्या, "भावजी, तुमी जिवाला लावून घिऊ नगा. हे समाधानानं गेलं. शेवटच्या दिवशी मला म्हणालं, धाकट्यानं मला माफ केलं बग. माज्यासाठी आईची शपथ घिऊन खोटं बोलला, एवढा जीव हाय त्याचा माज्यावर."

धाकट्यांनी तोंड उघडलं. वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या.

"व्हय वहिनी," ते म्हणाले, आणि चहा पिऊ लागले.