सव्वीस मैल, बिननंबराचे

"तू धावायचं न्हायस. तू निस्ता पुढं जायचंस."

असं म्हणून खोतांच्या कारभाऱ्यानं एक लाल फडकं माझ्या दिशेनं फेकलं. हातात दिलं नाही. फेकलं. ते वाळूत पडलं. मी उचललं.

श्रीवर्धनच्या समुद्राकाठी सात गडी ओळीनं उभे होते. पायांत कॅनव्हासचे बूट, छातीवर नंबराची कापडं टाचलेली. मी अनवाणी, त्यांच्यापासून दहा हात लांब. पण छाती मीही पुढं काढली होती.

"मला नंबर, कारभारी?"

"नंबर मानसं वळखायला असत्यात. तुला कोन वळखत न्हाय?"

सातही जण हसले. मीही हसलो. तेव्हा मला ती सवय होती. कुणी अंगावर थुंकलं तरी मी आधी हसायचो आणि मग पुसायचो.

खोतांचा धाकटा मुलगा पुण्याला कॉलेजात होता. तिकडून त्यानं सव्वीस मैल धावायचं एक खूळ आणलं. त्याला म्हणायचे मॅरॅथॉन. मला ऐकू आलं म्हारठाण. म्हटलं, नावातच आपण आहोत, तर काम आपलंच असणार. त्याला तसं सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. मग महिनाभर रोज पहाटे मला पुढं पळवलं आणि माझ्या पाठीकडं बघत बघत तो पळायला शिकला. श्वास कसा राखायचा, चढणीला पाऊल कसं आखूड टाकायचं, सगळं. तसा वाईट नव्हता. "तुझं नाव मी पहिलं घालतो," असं तोच म्हणाला होता. खोटं बोलला असं मी म्हणत नाही. विसरला असेल.

मला धावता येत होतं, कारण आमच्या घराकडं सांगावा होता. गावात कुणी मेलं की महारानं धावत जाऊन त्याच्या सोयऱ्यांना कळवायचं. अंगणाबाहेर उभं राहायचं, मेलेल्याचं नाव ओरडायचं आणि वळायचं. बापानं तेच केलं, आज्यानंही तेच. मी इतका धावलोय की माझी सावली दमून वाटेत बसायची आणि दुसऱ्या दिवशी घरी यायची. दिघीची होडी सुटलेली असली तर पाण्यावर चार पावलं टाकून मी ती गाठायचो. बरं, तीन. पण याला कुणी धावणं म्हणत नसे. "जरा जाऊन ये," म्हणत.

श्रीवर्धनहून निघायचं, बोर्ली पंचतन ओलांडून दिघीच्या वाटेवर एक खांब पुरला होता, त्याला वळसा घालून परत यायचं. मी लाल फडकं हलवत पुढं राहायचं, गाड्या-गुरं बाजूला काढायची. परत येताना शेवटच्या मैलाच्या दगडाशी मी थांबायचं. तिथून पुढं मैदानात दोन गडी फीत धरून उभे राहणार होते. ती धाकट्या खोतांनी तोडायची. हे आधीच ठरलं होतं. बाकीच्या सहा जणांनाही ठाऊक होतं.

सुटलो.

वडवलीत पहिला घोळ झाला. एक म्हातारी अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होती. मला धावत येताना बघितलं आणि तिच्या हातातलं सूपच पडलं.

"आगो बाय गं! कोन गेला रं? माझा भाऊस?"

"कोनी न्हाय म्येला, आये! शर्यत हाय!"

"मला फसवतोस व्हय? म्हार कदी उगाच धावतो?"

आणि तिनं ऊर बडवायला सुरुवात केली. तिचं ऐकून शेजारीण, शेजारणीचं ऐकून सगळी आळी. मागून सात बूटवाले पोचले तोवर बांबू तोडायला माणूस गेला होता म्हणतात. त्या सकाळी मी तीन गावांतली तीन माणसं मारली. तिघंही पुढं खूप वर्षं जगली, एक तर अजून आहे.

हे मी सांगतो तेव्हा लोक लोळून हसतात. मीही रंगवून सांगतो. पण त्या दिवशी पळता पळता म्हातारीचं बोलणं मला टोचत राहिलं. म्हार कधी उगाच धावतो? नाही धावत. मला पाहून कुणाला कधी आनंद झाला नव्हता. मी वळणावर दिसलो की बायका तोंडाला पदर लावायच्या. एवढीच माझी ओळख. म्हणून नंबर नको.

गावोगाव मांडव घातले होते. आमसुलाचं सरबत, लिंबाच्या फोडी, गूळ. मी जवळ आलो की लोक आधी माझ्या फडक्याकडं बघायचे आणि मग भांड्यावर झाकण ठेवायचे. बोर्लीच्या बाजारात एक मुसलमान दुकानदार होता, तरुणपणी जहाजावर फिरलेला. तो ओटा उतरून खाली आला.

"चाचा, कोनी गेलं न्हाय," मी लांबूनच ओरडलो.

"ते दिसतंय मला. आता तूच जाशील. पी."

तांब्या त्यानं माझ्या हातात दिला. वरून पाणी ओतलं नाही.

परतीला हाल सुरू झाले. सांगाव्याला मी कधी एका दमात सव्वीस मैल गेलो नव्हतो. लोकांना चाळीस सांगायचो, ते सोडा. अठराव्या मैलाला मांड्या आतून पेटल्या. तळव्याचा फोड फुटला, प्रत्येक पावलाला खडा लागावा तसा लागायचा. उन्हानं डोळ्यांपुढं वाट हलत होती. मागचे एकेक गळाले. एक बोर्लीतच शहाळं पीत बसला, एक बैलगाडीत आडवा होऊन आला. शेवटी मी आणि माझ्या मागं वीसेक पावलांवर धाकटे खोत, एवढेच. तो मला "जरा हळू" म्हणायचा आणि मी हळू व्हायचो. पाठ दाखवायला नेमलेला होतो ना.

मैलाचा दगड दिसला.

"थांब आता," तो मागून म्हणाला. "इथं थांब रे."

माझे पाय थांबेचनात, असं मी पुढं कितीतरी वर्षं सांगत आलो. ते खोटं. पाय थांबायलाच बघत होते, गुडघे तर आधीच बसले होते. मीच थांबलो नाही. दगडाजवळ मी लाल फडकं टाकलं आणि धावलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं काही सांगायला नव्हे, नुसता धावलो.

फीत धरलेल्या दोघांनी मला येताना बघितलं. त्यांनी एकमेकांकडं बघितलं. आणि फीत जमिनीवर सोडली. मी शिवेन म्हणून. मी तिच्यावरून गेलो. माझं पाऊल पलीकडं पडतंय तोवर त्यांनी ती उचलून पुन्हा ताठ धरली होती. मग धाकटे खोत आले, फीत तुटली, ढोल वाजला.

"म्हार कुठं शर्यतीत हुता?" कारभारी मोठ्यानं म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं तरी.

चांदीचा पेला धाकट्या खोतांना मिळाला. तो माझ्याकडं बघत नव्हता. मी लांब एका उंडीच्या झाडाखाली बसलो होतो. मग एक वकील भाषणाला उठले. या शर्यतीची गोष्ट त्यांनी सांगितली. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीस देशात लढाई जिंकली, ती वार्ता घेऊन एक साधा निरोप्या सव्वीस मैल धावला, वार्ता सांगितली आणि तिथंच कोसळून मेला. सगळ्या मैदानानं टाळ्या वाजवल्या.

अरे, हा तर सांगावेवाला. हा तर आमच्यातला.

मी उठून उभा राहिलो. "त्याला पानी दिलं का कुनी?"

टाळ्या थांबल्या. वकिलांनी चष्मा पुसला.

"खाली बस," कारभारी म्हणाला.

बसलो नाही. घरी गेलो.

महाडच्या तळ्यावर जाऊन आमची माणसं पाणी प्यायली, त्याला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. आमच्या वाडीत ती गोष्ट कुजबुजत सांगायचे. मी ठासून सांगायचो, मी तिथं होतो म्हणून. नव्हतो. शर्यतीच्या त्या दिवसापासून ते सांगणं मी बंद केलं.

आठ दिवसांनी खोतांची आत्या वारली. भर दुपारी कारभारी वाडीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. मी दारात पाय पसरून बसलो होतो. फोड अजून भरले नव्हते.

"आत्याबाय गेल्या. नागावला लेक हाय त्यांची. नीघ."

"न्हाय जात."

"काय म्हनलास?"

"तुमचं मानूस म्येलं. तुमी सांगा."

"खळ्यावर पसाभर भात मिळायचं न्हाय, याद राख."

"व्हय."

तो बराच वेळ उभा राहिला. मी उठेन असं त्याला वाटत असावं. घरात बायको पाणी भरलेलं मडकं धरून तशीच उभी होती. तिनंही मला ऊठ म्हटलं नाही.

त्या साली भात मिळालं नाही, पुढच्याही नाही. आम्ही मिठागरावर गेलो, उपास काढले. गुडघे आता कामातून गेले आहेत आणि बोलायचाही कंटाळा येतो. तरी एवढं लिहून ठेवतो. दुसऱ्याचं मरण माझ्या पायांनी जाणार नाही. माझ्या घरातल्या कुणाच्याही पायांनी जाणार नाही.