गुरुवारची नोंद

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं, आणि निम्मा राग स्वतःवरच असतो.

हडपसरच्या पलीकडचं एक गाव नुकतंच शहराच्या हद्दीत आलं होतं. शेतांत आयटीवाल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांचं मैलापाणी शुद्ध करून ओढ्यात सोडणारं केंद्र गावाच्या कडेला आलं. एका गुरुवारी दुपारी ओढ्याचं पाणी पिऊन एका बाईंच्या चार म्हशी दगावल्या. माजी सरपंच जमाव घेऊन माझ्या पोलीस ठाण्यात आले.

"केंद्रातनंच घाण सोडलीया साहेब. त्या ऑपरेटरला आत टाका, न्हायतर रस्ता बंद हाय."

ऑपरेटर विदर्भातून आलेला, कंत्राटी. घरी बायको आणि लहान मुलगी. मी केंद्राची नोंदवही जप्त केली. गुरुवारी दिवसभर पंप सुरू, दर तासाचे आकडे सुबक अक्षरात. पाणी ओढ्यात सोडलं का, विचारलं तर म्हणे सोडलं, पण स्वच्छ. रोज बोलावलं, रोज हेच उत्तर. पाण्याच्या तपासणीचा अहवाल यायचा होता, वरून फोन येत होते. शेवटी वैतागून मी अटकेचे कागद तयार करायला सांगितले.

पुढच्या गुरुवारी तो समोर बसलेला असताना डोक्यावरचा पंखा थांबला. दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज बंद असते हे पुण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला मात्र आठवडा लागला.

"गेल्या गुरुवारी तुमचे पंप कशावर चालले?"

त्याने थांबलेल्या पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बंदच होते सायेब. जनरेटर कधीचा बिघडला आहे. पण रकाना कोरा ठेवला तर कंत्राटदार काढून टाकते."

केंद्रातलं पाणी पंपाशिवाय बाहेर पडत नसे, म्हणजे त्या दिवशी ओढ्यात तिथून थेंबही गेला नव्हता.

"अहो, मग तुरुंगात जाल तरी हे सांगणार नव्हता?"

"जेलातून सुटता येते सायेब. नोकरी गेली तर पोरीले कुठं नेऊ?"

मी उठलो आणि ओढ्यावर गेलो. आमचा पंचनामा केंद्रापासून खाली झाला होता. वरच्या अंगाला कुणी फिरकलंच नव्हतं. थोडं चालल्यावर काठावर टँकरच्या चाकांचे खोल माग, करपलेलं गवत आणि नाकाला झोंबणारा वास. टँकर माजी सरपंचांचाच निघाला. सकाळी सोसायट्यांना पाणी, दुपारी कारखान्याचं टाकाऊ ॲसिड. चालकाने लगेच कबुली दिली. माजी सरपंच म्हणाले, गावातली बाब आहे, गावातच मिटवू. मी गुन्हा दाखल केला.

ऑपरेटर सुटला. वीज नव्हती हे त्याच्या जबाबात घेणं भाग होतं आणि तो जबाब मीच लिहून घेतला. खोट्या नोंदींबद्दल त्याला कामावरून काढलं. बायको-मुलीला घेऊन तो गावी परतला.

दोषारोपपत्राची कागदपत्रं लावताना मी ठाण्याची स्टेशन डायरी उघडली. त्याच गुरुवारची नोंद होती: 'दुपारी ओढ्याकाठी गस्त. सर्व ठीक.' नोंद करणाऱ्या हवालदाराला विचारलं, तर तो गेलाच नव्हता. रकाना कोरा कसा ठेवायचा, म्हणाला.

वहीवर विश्वास ठेवण्याआधी जागेवर जाऊन यावं, एवढं मी या प्रकरणातून शिकलो. पण त्या नोंदीखाली तपासल्याची सही माझी होती, आणि माझी नोकरी पुढे निवृत्तीपर्यंत सुखरूप चालली.