वाहिलेलं जाळं

हे लिहू की नको, यावर माझं अजून माझ्याशीच भांडण चालू आहे. आमच्या देवीच्या उत्सवाला बायका आपापले अनुभव सांगतात, आणि प्रत्येकीचं कसं लख्ख असतं. संकट आलं, हाक मारली, आई धावली. माझ्या बाबतीत कोण धावलं, कुणासाठी धावलं, आणि मी त्या सकाळी केलं ते बरोबर की चूक, हे मला दोन वर्षं झाली तरी उलगडलेलं नाही. शेजारीण म्हणते, "नवरा घरी आला ना? मंग हात जोड आन गप बस." हात मी रोज जोडते. गप बसणं मात्र माझ्या स्वभावात नाही.

काशीदच्या अलीकडे, किनाऱ्याला लागून आमचं गाव. आमचे हे आणि धाकटे दीर होडी घेऊन जातात. मी बाजारात मासळी विकते आणि उरलेल्या वेळात जाळी दुरुस्त करते. माझी गाठ गावात प्रसिद्ध. जाळं दुसरीकडून फाटेल, पण मी मारलेली गाठ सुटायची नाही. याचा मला भारी गर्व होता. तो आधीच कबूल करून टाकते, कारण पुढे त्याच गाठींनी माझं नाक कापलं.

लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला घरची एक रीत शिकवली. ज्या जाळ्याने घराला जेवू घातलं ते जुनं झालं म्हणून उकिरड्यावर टाकायचं नाही, चुलीत घालायचं नाही. नारळी पुनवेला नारळ वाहून झाला की जुन्या जाळ्याची घडी करायची, त्याच्या कोपऱ्याला आपल्याच पदराची चिंधी बांधायची, चिंधीत हळदकुंकू ठेवायचं आणि गावाच्या टोकाला जो खडक आहे तिथून भर भरतीला ते दर्याला द्यायचं. लगेच पाणी फिरतं आणि ओहोटी ते आपल्याबरोबर आत घेऊन जाते. "त्याचं त्याला," एवढंच त्या म्हणायच्या. त्या सासरी आल्या तेव्हा जाळी सुताची होती, पाण्यात काही महिन्यांत कुजून जायची, हेही त्यांनीच मला सांगितलं होतं. माझ्या हातात आली ती सगळी नायलॉनची. नायलॉन कुजत नाही, म्हणून तर आम्ही ते घेतो. या दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या. पण त्या एकीशेजारी एक ठेवून बघाव्यात असं कधी डोक्यात आलं नाही. सासूबाई गेल्या, तरी मी नेमाने, डोळे मिटून, मनापासून दर नारळी पुनवेला दर्याला जाळं वाहत राहिले.

त्या वर्षी पुनव होऊन पंधरा दिवस झाले असतील. हे आणि दीर सोमवारी पहाटे निघाले, मंगळवारी दुपारपर्यंत यायचे होते. सोमवारी संध्याकाळी वारा अचानक उठला. इतर होड्या कशाबशा माघारी आल्या, आमची आली नाही. फोन लागत नव्हता. मंगळवारी गावच्या लोकांनी सगळीकडे कळवलं, दोन होड्या शोधायला जाऊन आल्या. माणसं माझ्यासमोर आवाज खाली करून बोलायला लागली. जाऊबाई ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांना पाणी पाजायला मी होते. मला पाजायला कुणी नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी मी देवळात गेले आणि नवस बोलले. माळ्यावर आमचं मोठं जाळं होतं, निम्मं तरी चांगलं, दुरुस्त करून अजून दोन हंगाम चाललं असतं. मी म्हटलं, "आई, माझा धनी आन माझा दीर परत दे. उद्याच्या भरतीला मी हे मोठं जाळं दर्याला वाहते. जुनं न्हाय देत, कामाचं देते." याहून मोठं माझ्या घरात काही नव्हतं. बोलून उठले तेव्हा जरा धीर आला, खोटं कशाला सांगू.

बुधवारी सकाळी ते जाळं डोक्यावर घेऊन मी किनाऱ्याने खडकाकडे निघाले. पदराची चिंधी बांधलेली, हातात नारळ. भरती पुरी व्हायला अर्धा-पाऊण तास होता. वाटेत वाळूवर, पाण्याच्या रेषेच्या थोडं वर, एक बाई गुडघ्यांवर बसलेल्या दिसल्या. अंगावर पंजाबी ड्रेस, पांढरे केस, चष्मा. मला बघून त्यांनी जोरात हाक मारली, "अहो ताई, इकडे या जरा! जिवंत आहे हो!"

कासव होतं. परातीएवढं. जाळ्यात असं गुरफटलेलं की पुढचा एक पाय पाठीशी आवळून बांधल्यासारखा झाला होता, आणि मानेतही दोरा रुतला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं. कासवाच्या डोळ्यांतून पाणी येतंच, ते रडणं नसतं, हे मला माहीत आहे. आमच्या जाळ्यात कधी कासव आलं तर आम्ही त्याला कुंकू लावतो, नमस्कार करतो आणि सोडतो. देवाचंच रूप ते. मी डोक्यावरचं ओझं वाळूवर टाकलं आणि वाकले.

जाळं हिरवं, त्यात निळ्या दोऱ्याने केलेली दुरुस्ती. त्याच्या आदल्या वर्षी माझा हिरवा दोरा संपला होता म्हणून मी निळा वापरला होता, आणि हे त्यावरून मला चिडवतही होते, की तुझ्या जाळ्याला ठिगळं दिसतात. तरी मी स्वतःला म्हटलं, निळा दोरा काय माझ्या एकटीकडे आहे? मग कासवाच्या पोटाखालून कोपरा ओढला, तर त्याला चिंधी. पोपटी जॉर्जेट, तपकिरी काठ. रंग उडालेला, पण काठ मी विसरणार आहे का? लेकीच्या हळदीला नेसलेली साडी होती ती.

अंगावर काटा आला म्हणतात, तसं मला काहीच झालं नाही. मला आला तो राग. कुणाचा, ते सांगता येत नाही. नवरा दोन दिवस बेपत्ता, आणि हे मला आत्ता दाखवायचं? आत्ताच? मी मोठ्याने म्हटलं, "आगं आये, काय चाललंय तुझं?" त्या बाईंना वाटलं मी त्यांना बोलले. त्या म्हणाल्या, "कात्री आहे माझ्याकडे, छोटी आहे पण."

त्या माणगावच्या निवृत्त शिक्षिका, आमच्या गावच्या आरोग्य केंद्रात त्यांची लेक नोकरीला, तिच्याकडे आल्या होत्या. हे मला नंतर कळलं. पर्समधून त्यांनी बोटभर कात्री काढली. दोघी कामाला लागलो. कात्रीने एक दोरा कापायला दहा वेळा दाबावं लागायचं. मी नखांनी, दातांनी गाठी सोडवायला बघत होते. आणि माझ्या गाठी मलाच सुटत नव्हत्या. एकसुद्धा. त्या वेळी मी रडले. बाईंनी विचारलं, "हे दुसरं जाळं कशाला आणलंय?"

मी सगळं सांगितलं. नवरा, दीर, नवस, भरती. हे कासवाच्या अंगावरचंही मीच दिलेलं, तेही सांगितलं. मला वाटलं या आता शिकवायला लागतील. शिक्षिका ना. त्यांनी हातातला दोरा कापून पुरा केला. मग म्हणाल्या, "आमच्या घरात बुद्धवंदना असते, नवस नसतात. त्यामुळे तुम्हाला काय सांगू? मला त्यातलं खरंच कळत नाही, ताई. तुम्हाला जायचं तर जा, मी कापते. फक्त एवढा पाय धरून द्या."

मी पाय धरला. समोर खडक दिसत होता, पाणी त्याच्या माथ्याखाली येऊन भिडलेलं. मनात नुसता गोंधळ. आता उठले तर नवस पुरा होतो. उठले नाही तर बोललेला शब्द मोडतो, आणि शब्द मोडला म्हणून त्या दोघांचं काही झालं, तर जन्मभर जाऊबाईंना तोंड कसं दाखवू? पण हातातला पाय गार होता आणि मधूनच झटका देत होता, आणि शेजारी तसलंच दुसरं जाळं, तशीच चिंधी बांधून, मीच आणून ठेवलेलं. माझ्यात काही मोठा निर्णय झाला असं समजू नका. मी एवढंच पुटपुटले, "आई, मला काय बी समजत न्हाय. तुला करायचं ते कर." आणि हातातला पाय सोडला नाही.

शेवटचा दोरा मानेचा होता. तो तुटला तेव्हा खडकाची ओली बाजू उघडी पडायला लागली होती. ओहोटी लागली होती. कासव बराच वेळ हललंच नाही. आम्ही ओंजळीने पाणी घालत राहिलो. बाई वनखात्याला फोन लावत होत्या, तेवढ्यात त्याने मान उचलली आणि एक पाय ओढत, थांबत, पुन्हा ओढत पाण्यात गेलं. पुढे ते जगलं की नाही मला माहीत नाही. बाईंनी कापलेले सगळे तुकडे ओढणीत बांधले, चिंधी तेवढी मी कमरेला खोचली. मी मोठं जाळं पुन्हा डोक्यावर घेतलं आणि घरी आणलं. वाटेत गावातली एक बाई म्हणाली, "आगं, वाहिलं न्हाय व्हय?" मी ओझं सावरत पुढे निघाले. नारळ तर मी वाळूवरच विसरून आले होते.

दुपारी चारच्या सुमाराला होडी आली. दोघेही धड. ओरड झाली तेव्हा जाऊबाई उठून पळाल्या, आणि मी मात्र ओट्यावरच बसून राहिले. हे ओट्यापाशी आले, ओठ मिठाने फुटलेले, आणि मला म्हणतात कसे, "चहा टाक की, बघत काय बसलीस?" मी तिथेच भडाभडा रडले.

चहा पिताना त्यांनी सांगितलं. वाऱ्यात कुणाचं तरी सुटलेलं जाळं होडीखालच्या पंख्यात अडकलं, इंजीन बंद पडलं आणि होडी वाहत बाहेर गेली. खवळलेल्या पाण्यात उतरता येईना. बुधवारी उजाडल्यावर दीर कंबरेला दोर बांधून उतरले आणि कोयत्याने तुकडा तुकडा कापून पंखा मोकळा केला.

मी विचारलं, "अवं, मोकळा झाला तवा किती वाजलं व्हतं?"

"घड्याळ कोन बघतंय? ओहोटी लागली व्हती, येवढं ठावं हाय."

मी पुढचं विचारलं, "जाळं कसल्या रंगाचं व्हतं? निळा दोरा व्हता का त्यात?"

त्यांनी कपावरून मान वर केली. "शेवाळानं भरलेलं. रंग काय दिसतोय? कापलं आन दिलं सोडून पाण्यात."

"सोडून दिलं?" मी इतक्या जोरात ओरडले की दीर दारातून आत आले. मग मी कोपऱ्यातून ती पोपटी चिंधी आणून ह्यांच्या मांडीवर ठेवली आणि सकाळचं सगळं सांगितलं. ह्यांनी चिंधी ओळखली. कप खाली ठेवला आणि चिंधी बोटांनी सरळ केली.

त्यांच्या पंख्यातलं जाळं माझं होतं की दुसऱ्या कुणाचं, हे आता कधीच कळणार नाही. मी नवस मोडला तरी आईने त्यांना आणलं, की मी तो मोडावा म्हणूनच कासव वाटेत ठेवलं, की दोन्हींचा एकमेकांशी काही संबंधच नाही? बाईंना नंतर भेटले तेव्हा हेच विचारलं. त्या हसून म्हणाल्या, "मला तरी कासव दिसलं आणि तुम्ही आलात, एवढंच माहीत आहे." भटजींना विचारलं तर म्हणाले, पूजा घालून शांत कर. शांत केली. पण माझं मन काही शांत झालं नाही.

आता ह्यांना दर्यात सुटं जाळं दिसलं की ते होडीत ओढून घेतात आणि अंगणात आणून टाकतात. मी प्रत्येक ढीग उलगडून बघते. मागच्या पावसाळ्यात एकात चिंधी सापडली, जांभळी. ती माझीच होती, चार-पाच वर्षांपूर्वीची. मी ती धुतली आणि देव्हाऱ्यात पोपटीशेजारी ठेवली. अजून किती बाहेर आहेत ते मला ठाऊक आहे, कारण प्रत्येक साडी मला आठवते.

नवसाचं मोठं जाळं परसात मांडवावर टाकलं आहे. त्यावर कारल्याचा वेल गेलाय.

यंदाच्या पुनवेला खडकावर गेले ते फक्त नारळ घेऊन. नारळ वाहिला, तरी सवयीने हात पुन्हा पुढे झाले. त्यांत काहीच नव्हतं. दरसाल मी मागत आले, देत आले, आणि दर्याला हे हवंय का, असं एकदाही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "आई, त्या दिवशी जाळं घेतलं न्हायस, तुझं उपकार." मग ओहोटी लागेपर्यंत तशीच रिकाम्या हातांनी उभी राहिले.