कुरुळीतली भरदिवसाची कुजबुज

संपादक म्हणाले, “पिंपरी-चिंचवडला मुंबईच्या तोडीचं शहर उभं राहतंय म्हणे. माणसांना राहता येतं का, तेवढं बघून या.” आणीबाणी उठून वर्षही झालं नव्हतं, नाही म्हणायची सवय अजून परतली नव्हती. निघालो.

शिवाजीनगरहून सकाळची लोकल धरावी. उजवीकडची खिडकी घेऊ नये, ऊन लागतं. समोर नामदेव होता, कारखान्यात रात्रपाळीला लेथ चालवणारा, मूळचा लातूरकडचा. शेजारी बायको कौसल्या, मांडीवर चार वर्षांची मंगल, खड्या आवाजात गाणारी.

“सहा जणांत एक खोली हाय माझी,” नामदेव म्हणाला. “आता कुरुळीत वेगळी मिळतीया. हिला पटली तर बिऱ्हाड, न्हाई तर संध्याकाळच्या एस्टीनं ही गावाकडं.”

मीही त्यांच्यासोबत निघालो. पिंपरी कॅम्पात सिंध्यांचं दाल-पकवान खाल्लं. एका ताटात दोघांचं भागतं. भोसरीला बस बदलली. त्या धुळीत माझ्या धोतराने संन्यास घेतला: पांढरं निघालं होतं, भगवं पोचलं.

कुरुळीत नव्या खोल्यांची रांग होती. पोरं गोट्या खेळत होती, पण तोंडातून अक्षर नाही. ऋषींना न साधलेलं मौन पाहून मी मान खाली घातली आणि घरमालकीण हिराबाईंना हळूच विचारलं, “कोण गेलं हो?”

“कोन जातंय! रातभर राबून तिसऱ्या पाळीची मानसं झोपल्यात. कडीला फडकं दिसलं की त्या दारापाशी बोलायचं न्हाई.”

खोली छान होती. खिडकी होती, विहीर जवळ होती. कौसल्याने फळीवरून हात फिरवला आणि हसली. नामदेवच्या चेहऱ्यावरचा शीण उतरला.

तेवढ्यात मंगलला भिंतीवर चढलेली शेळी दिसली. तिने आनंदाने आरोळी ठोकली. तीन दारं उघडली. तांबारलेल्या डोळ्यांच्या एकाने हात जोडले, “वहिनी, पाया पडतो.”

कौसल्याने पोरीच्या तोंडावर हात दाबला. वर नुसते डोळे उरले. त्यांच्याकडे पाहून तिने हात काढला.

“आमी जातो गावाला.”

“अगं, सवय हुईल तिला.”

“व्हय. त्येचंच भ्या वाटतंय.”

घरी येऊन मी लेख लिहिला: रस्ते रुंद, कामं भरपूर, मुंबईने सावध राहावं. संपादक खूश. माझ्या मनातून मात्र शिवाजीनगरचा एस्टी स्टँड सुटत नाही. त्या संध्याकाळी लातूरची गाडी गेल्यावर नामदेव माझ्याशेजारी उभा होता. “दिवसपाळी मागून बघतो,” असं काहीसं म्हणाला. इतकं हळू, की मला दोनदा विचारावं लागलं.