न थुंकलेली कॉफी

“एवढी एक पोस्टिंग, देचू, मग घरीच.”

बेळ्ळियप्पाचं हे ठरलेलं वाक्य. लग्नानंतरच्या पहिल्या निरोपाला देचम्माने ते खरं मानलं होतं. पुढे पुढे ती नुसती मान हलवू लागली.

लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त होऊन तो कोडगूला घरी परतला, तोवर देचम्माचे केस पिकले होते. तिने एकटीने लावलेली मिरीची वेल झाडाच्या शेंड्याला टेकली होती. पण कॉफीचा छोटा मळा आणि पेन्शन यांवर घर चालत नव्हतं. हैदराबादच्या एका कारखान्याने त्याला सुरक्षा अधिकाऱ्याची नोकरी देऊ केली होती. ती त्याला नको होती. म्हणून निवृत्त अधिकाऱ्यांना नवं काम शिकवणाऱ्या वर्गात त्याने कॉफी चाखण्याचं शिक्षण घेतलं. परीक्षेत उतरला तर गोणिकोप्पलच्या कॉफी कारखान्यात नोकरी आणि रोज संध्याकाळी घर. नाही उतरला तर हैदराबाद.

चमच्याने कॉफी जोरात भुरकायची, जिभेवर फिरवायची आणि थुंकून टाकायची, असं ते काम. गिळत गेलं की छाती धडधडू लागते आणि जीभ बधिर होते. बेळ्ळियप्पाने उभा जन्म अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये सूपसुद्धा आवाज न करता प्यालं होतं. त्याला हे जमेना. मग देचम्मा रोज अंगणात कॉफीचा तांब्या घेऊन समोर बसायची.

“भुरका मारा, कर्नलसाहेब! मांजर दूध पितंय की काय?”

“बाईमाणसासमोर शोभतं का हे?”

“तुमची उष्टी भांडी घासलीत मी. थुंका!”

तो थुंकायचा, आणि लगेच रुमालाने ओठ टिपायचा. तेवढ्यावर देचम्मा खूश होती.

परीक्षेच्या दिवशी तीही बरोबर गेली आणि खिडकीबाहेरच्या बाकावर बसली. लांब टेबलावर पेले मांडलेले होते; चाखून चांगली कॉफी तेवढी बाजूला काढायची होती. परीक्षा घेणारी निलम्मा देचम्माची मुलगी शोभेल एवढ्या वयाची. पहिला भुरका असा झाला की निलम्मा हसली. “वा, अंकल!” देचम्माचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात एक म्हातारा पितळी पिकदाणी घेऊन बेळ्ळियप्पाच्या हनुवटीखाली धरून उभा राहिला. त्याच्या पलटणीतला जुना हवालदार मंदण्णा. बर्फातल्या चौकीवर दोघांनी एकाच मगातून चहा प्यायला होता. बेळ्ळियप्पाने त्याच्याकडे पाहिलं आणि तोंडातली कॉफी गिळली.

“थुंका ना, साहेब,” मंदण्णा हळूच म्हणाला. “माझं रोजचं कामच आहे हे.”

“ते खाली ठेव, मंदण्णा.”

“खाली ठेवलं तर ह्या बाई मला बोलतील.”

दुसऱ्या पेल्यातलीही गिळली. तिसऱ्यातलीही गिळली. पुढे पुढे चमचा पेल्यावर किणकिणू लागला. देचम्मा खिडकीच्या गजांना धरून उभी राहिली. थुंका, ती ओठांतल्या ओठांत म्हणत होती, थुंका हो. टेबलाच्या टोकाला बुरसटलेल्या बियांची कॉफी होती. तिचा वास खिडकीपर्यंत येत होता. बेळ्ळियप्पाने ती चाखली, गिळली आणि चांगली म्हणून बाजूला काढली.

निलम्माने मान खाली घातली. “माफ करा, अंकल.”

परतताना दोघं बसमध्ये शेजारी बसली. देचम्मा म्हणाली, “त्याला काही वाटलं नसतं.”

“मला वाटलं असतं.”

“आणि माझं काय?”

त्याने रुमाल काढून ओठ टिपले. तिने पुन्हा विचारलं नाही. एवढ्या वर्षांत तिच्यात भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी हैदराबादच्या वाटेसाठी तिने तांदळाच्या भाकऱ्या आणि डुकराच्या मांसाची पंदी करी डब्यात भरून दिली. कॉफी फुलली होती. सगळा उतार पांढरा झाला होता. पेटी खांद्यावर घेऊन बेळ्ळियप्पा त्या पांढऱ्यातून खाली उतरत गेला. पाठ ताठ होती, पण पाऊल जड पडत होतं. पूर्वी देचम्मा फाटकापर्यंत जायची. आज ती पायरीवरच बसून राहिली आणि वळणाआड त्याची टोपी दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिली.